आधी टेका

राजूरला माझं दुकान कुठं आहे म्हणून विचारलं, तर लोक तोंडानं सांगत नाहीत, नुसता हात करतात. गणपतीचं गाव. पेढ्याचं, नारळाचं, फुलाचं दुकान सांगायला कुणाची जीभ अडत नाही. माझं पडलं मयतीच्या सामानाचं: बांबू, सुतळी, मडकी, गोवऱ्या, पांढरं कापड. हात करण्यावर माझी तक्रार नाही, कारण वेळ आली की त्याच हाताच्या दिशेनं माणसं बरोबर येतात. मग केव्हातरी बाजारात गाठून हळूच विचारतात, "सुभाषराव, तुमच्या घरात तर कुणी हे करत नव्हतं. शिकले कुठं?"

वाटूरला शिकलो. लिंबाजीमामांकडं.

लिंबाजी खरात माझे सख्खे मामा नव्हेत. पण वाटूर फाट्यावर उतरून नुसतं 'मामा' म्हटलं की लोकांना तेच वाटायचे. मी त्याआधी जालन्यात एका कापड दुकानात गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडत अर्धं आयुष्य काढलेला माणूस. मालक थकले, मुलांना धंदा नको होता, दुकान बंद झालं. चाळिशीला टेकलेल्या माणसाला नवं काम कोण देतो? त्यातच माझे सासरे वारले. सासुरवाडी वाटूरच्या अलीकडची. घरात रडारड, कुणाला काही सुचत नाही, चार जाणती माणसं चार दिशांना हुकूम सोडत होती, अशा वेळी मोहरीच्या फुलासारख्या पिवळ्याधमक चौकड्याच्या शर्टातला एक बुटका, गोल माणूस ओसरीवर येऊन बसला. पाणी प्याला. "घरात मोठं कोण?" एवढंच विचारलं. आणि बघता बघता सगळं जिथल्या तिथं लागलं. कुणाला ओरडला नाही, कुणाला घाई केली नाही. मला त्या दुःखातही वाटलं की असं काम आपल्याला यायला पाहिजे.

तेरावा झाल्यावर मी त्यांच्या दुकानात गेलो आणि उभ्या उभ्या म्हणालो, "मामा, मला हे शिकायचंय."

"आधी टेका," मामा म्हणाले.

हे त्यांचं सगळ्यांनाच असे. मयतीच्या दुकानात कुणी बसत नाही, तशी आपल्याकडची रीतच आहे. गिऱ्हाईक रस्त्यावर उभं राहतं, पायऱ्यांना पाय लावत नाही, तिथूनच ओरडून सांगतं आणि सामान गाडीत टाकून निघतं. मामांकडं ते चालायचं नाही. दुकानात समोरासमोर खुर्च्या मांडलेल्या, वर पंखा, कोपऱ्यात झाकलेला पाण्याचा माठ. आलेल्या माणसानं आत यायचं, टेकायचं, पाणी प्यायचं, मग काय ते सांगायचं. कितीही मोठ्या घरचा असो, रस्त्यावरून ओरडला तर मामांना ऐकूच येत नसे. तसे कान चांगले तिखट होते त्यांचे.

काही लोक म्हणत, लिंबाजीला लई मस्ती आली. पण मी किती जणांना त्या खुर्चीत बसून पहिल्यांदा रडताना पाहिलं. घरी ज्याला सगळ्यांना सांभाळायचं असतं, त्याला रडायला जागा नसते. बसला, पाणी पोटात गेलं, की तो सुटायचा. मामा तेवढा वेळ सुतळीचा गुंडा उलगडत आणि परत गुंडाळत बसायचे.

शिकाऊ म्हणून माझा पहिलाच दिवस. एक गृहस्थ सामान घेऊन निघाले, आणि माझ्या तोंडातून वर्षानुवर्षांच्या सवयीनं गेलं, "या हं परत!" वर मान तिरपी करून, हसून. साड्यांच्या दुकानात मालकानं तसं घोटूनच घेतलं होतं. गृहस्थ माझ्याकडे बघतच राहिले. मामा ताडकन उठले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून गाडीपर्यंत गेले, काहीतरी बोलले आणि परत येऊन खुर्चीत बसले. मला वाटलं, गेली नोकरी. बघतो तर मामांचं पोट हलत होतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

"सुभाषराव, येक काम करा. कापडावर स्कीम बी ठिवा. दोन मयतींवर येक फिरी."

"चुकलं, मामा."

"चुकलं तर चुकलं. पर आपल्याकडं 'या' म्हनायचं न्हाई, अन् मानसानं बी 'येतो' म्हनायचं न्हाई. निघतावक्ती निस्तं 'सावकाश' म्हनायचं. सावकाशमदी समदं येतं."

मग मी आठवडाभर ओठ आवळून बसायचो. तरीही एकदा 'या' तोंडातून निसटलंच आणि मी ते ओढून 'यात कापूर टाकलाय' असं केलं. मामांनी मागे वळून मला हात जोडले.

दुसरं त्यांनी शिकवलं ते विचारायचं कसं. माझ्या डोक्यात सरळ हिशेब होता की समाज कळला की सामान कळलं. म्हणून मी एकाला तोंडावरच विचारलं, "कोणत्या समाजाचे?" तो माणूस गेल्यावर मामांनी मला समोर बसवलं. त्या दिवशी हसले नाहीत. "हे न्हाई इचारायचं. बिलकुल न्हाई. 'तुमच्यात कसं करतेत?' असं इचारायचं. मंग मानूस सोता सांगतो. कुणी गुलाल मागतं, कुणी मेनबत्त्या, कुणी बसवून नेतं, कुणी झोपवून. त्याला सांगताना बरं वाटलं पायजे, लपवावं वाटलं न्हाई पायजे." मी ते अजून तसंच विचारतो. राजूरचे लोक म्हणतात, सुभाषरावांची बोली वाटूरची झाली.

तिरडी बांधायला मला दोन महिने लागले. बघताना वाटतं त्यात काय आहे. दोन लांब बांबू, आडव्या कामट्या, सुतळी, वर कडबा. पण माणूस खांद्यावर उचलला की चौघांची उंची सारखी नसते, वाट सारखी नसते, आणि सैल गाठ बरोबर गावच्या वेशीत दगा देते. मामा गाठ बघायचे नाहीत, अंगठ्यानं दाबून बघायचे. "ढिली," म्हणायचे आणि सोडून टाकायचे. अखेर एकदा माझ्या हातची तिरडी त्यांना पसंत पडली. आता परीक्षा. शेजारच्या खताच्या दुकानातून सरकीच्या ढेपेचं पोतं आणलं, तिरडीवर ठेवलं, करकचून बांधलं. एका बाजूला मी आणि मामा, दुसऱ्या बाजूला खतवाल्याचे हमाल, आणि फाट्याला एक चक्कर.

कल्पना चांगली होती, पण फाट्यावर भर बाजाराचा दिवस. आम्ही दिसल्याबरोबर मोटरसायकली थांबल्या. परतूरकडे जाणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरनं इंजिन बंद करून हात जोडले. भाजीवाल्या बाया पदर सावरून उभ्या राहिल्या. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली, आमच्या बरोबरीनं चार पावलं चालला आणि हळू आवाजात विचारलं, "कोन गेलं, लिंबाजी?"

मामांचा श्वास फुललेला. "ढेप," ते म्हणाले.

"कोनत्या गावचे?" म्हातारा.

परत दुकानात येईपर्यंत माझे खांदे ओझ्यानं कमी आणि हसू दाबल्यानं जास्त दुखत होते. गाठी मात्र एक इंचही सरकल्या नव्हत्या. मामांनी अंगठ्यानं एकेक दाबली आणि त्या दिवशी मला चहाबरोबर भजी मागवली.

भजी यायची ती शेजारच्या रफिकभाईच्या हॉटेलातून. रफिकभाईचं आणि मामांचं भांडण कायमचं. मामांनी बांबू पुढे लावले की तो म्हणायचा, माझं गिऱ्हाईक समोसा हातात धरून विचारात पडतं. मग बांबू मागे जायचे. मग मामा म्हणायचे, तुझ्या तळणाच्या वासानं माझं कापड खराब होतं. असं करत दोघांची दुकानं सुखानं चालली होती.

मामांना पांढऱ्या कपड्याचं वावडं होतं. "दिसभर तेच इकतो, अंगावर बी तेच घालू का?" म्हणायचे. शर्ट चौकड्याचे, नाहीतर फुलाफुलांचे. कानात अत्तराचा फाया. लग्नांची तर त्यांना भयंकर हौस. त्यांचा धंदा म्हणून काही लोक पत्रिका द्यायला कचरायचे, तर मामा स्वतःच जाऊन दम द्यायचे, "लगनाला बोलवून घ्या बरं. दुसऱ्या टायमाला तर बोलवावंच लागतंय." वरातीत नाचायला पुढे, जेवायला पहिल्या पंगतीला, आणि नवरीच्या आईबरोबर डोळे पुसायलाही हजर. ज्या माणसाचा सगळा दिवस रडणाऱ्यांत जातो, तो इतका आनंदी कसा, हे मला आधी कळत नव्हतं. नंतर मी स्वतः ते काम करायला लागलो आणि कळलं. दिवसाअखेर आपल्या हातून कुणाचं तरी नीट झालं, एवढं समाधान फार कमी धंद्यांत मिळतं.

एकच गोष्ट त्यांना लागून होती, आणि ती रोज सकाळी दुकानाशेजारी येऊन बसायची.

ते म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, किसनगुरुजी. उंच, ताठ, रिटायर शिक्षक, विहारातलं सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. रोज सकाळी रफिकभाईच्या हॉटेलात यायचे, पेपर वाचायचे, बिनसाखरेचा चहा प्यायचे, आणि हे सगळं मामांच्या दुकानाकडे पाठ करून. दोघांची घरं गावात भिंतीला भिंत लागून. घरी येणंजाणं, एकमेकांच्या ताटातलं खाणं, सगळं व्यवस्थित. फक्त दुकानाचं नाव घ्यायचं नाही. गुरुजी त्याला 'ते' म्हणायचे. "लिंबाचं ते चालू असतं."

त्याला कारण होतं. ते मला मामींनी सांगितलं. मामी दुपारी भाकरी घेऊन यायच्या आणि आम्ही दोघं जेवेपर्यंत दारात बसायच्या. पूर्वी गावात कुणी गेलं की निरोप घेऊन गावोगाव पायी जायचं, सरपण वाहायचं, लांब उभं राहायचं आणि त्या बदल्यात मयताच्या अंगावरचं कापड घ्यायचं, हे काम यांच्या समाजाच्या गळ्यात बांधलेलं होतं. छप्पन साली धम्म घेतला आणि मामांच्या वडिलांनी ते काम टाकलं. गावानं पुष्कळ दिवस त्यांना धड जगू दिलं नाही, पण त्यांनी परत हात लावला नाही. गुरुजी तेव्हा लहान होते, पण कळण्याइतके होते. वडिलांना कुणाच्या तरी दारात उन्हात उभं राहिलेलं त्यांनी पाहिलं होतं. मामांचा जन्मच नंतरचा.

"म्हून भाऊजी म्हनतेत," मामी म्हणाल्या, "बापानं जे टाकलं ते तू उचलून त्याचं दुकान मांडलं. तवापासून ह्या पायरीला त्यांचा पाय न्हाई."

मामा तोंडातला घास संपवत होते. म्हणाले, "दादाचं बराबर हाय. त्यानं पाह्यलंय, म्या न्हाई पाह्यलं. पर तवा आपन त्यांच्या दारात उभे ऱ्हायचो. आता ते माझ्या दुकानात येऊन बसतेत. मी शटर उघडतो तवा उघडतं, बंद करतो तवा बंद होतं. ह्यात फरक हाय का न्हाई, सुभाषराव?"

मी म्हटलं, जमीन-अस्मानाचा आहे.

"तुम्हाला दिसला. दादाला दिसंना." मग म्हणाले, "मला काय नको त्याच्याकडून. येकडाव आत यावं, बसावं, पंख्याखाली चहा प्यावा. बस."

खुर्च्यांचा अर्थ मला त्या दिवशी पुरा कळला. आणि हेही कळलं की इतक्या माणसांना बसवणाऱ्या या माणसाला ज्याला बसवायचं होतं, तो शेजारी पाठ करून पेपर वाचत होता. मी रफिकभाईला म्हटलं, तुमचं हॉटेल आठ दिवस बंद ठेवा, गुरुजी जातील कुठं? तो म्हणाला, "मैं बंद रख्खूं तो वो घर से थर्मास लेके आयेंगे, रस्त्यावर उभे राहून पितील. पर उधर नहीं जायेंगे."

त्याच हिवाळ्यात देशमुख सर गेले.

देशमुख सर म्हणजे गावच्या जुन्या जमीनदार घरातले, शाळेचे हेडमास्तर. गुरुजींनी त्यांच्या हाताखाली नोकरी केली आणि नंतर दोघं जिगरी दोस्त झाले. संध्याकाळी दोघं कॅनॉलच्या रस्त्यानं फिरायचे. सर भर उन्हाळ्यातही गळ्यात मफलर घालून, गुरुजी त्यांची त्यावरून थट्टा करत. सरांचा मुलगा सकाळीच दुकानात आला. आत आला, टेकला, पाणी प्याला आणि म्हणाला, "मामा, तुम्हीच चला. बाबा तुमचं नाव घ्यायचे." मामांनी त्याला पुढे पाठवलं आणि आम्ही सामान घेऊन निघालो.

गुरुजी आधीच तिथं होते. ओसरीच्या खांबाला टेकून उभे. धाकट्या भावाला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हे काम करताना बघितलं असावं. सरांच्या मुलानं मामांसाठी खुर्ची आणली. सुनेनं घरातल्याच पेल्यातून पाणी दिलं. मामा बसले, प्याले, मग उठून सगळ्यांना सांगत, विचारत, त्यांच्या त्या सावकाश पद्धतीनं कामाला लागले. गाठी मी मारत होतो, मामा अंगठ्यानं दाबत होते. गुरुजींचे डोळे सगळा वेळ त्या अंगठ्यावर होते.

स्मशानात शेडखाली सगळं मांडून झालं. सरांच्या अंगावर लोकांनी घातलेल्या शाली आणि कापडं होती. ती काढायला सुरुवात झाली. सरांचे चुलते बापूसाहेब पार थकलेले, दोघांनी धरून आणलेले. त्यांनी वरची एक चांगली शाल उचलली आणि मामांच्या दिशेनं पुढे सरकवली.

"लिंबाजी, हे घे. तुझं हाय."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं असं मला आजही वाटतं. लहानपणापासून पाहिलेलं हातानं केलं. पण कापडं काढणारे हात थांबले. सरांच्या मुलाचा चेहरा लाल झाला. तो पुढे होणार, तेवढ्यात मामांनी हातानंच त्याला थांबवलं. मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांचा जबडा आवळलेला होता, आणि मला खरोखर भीती वाटली की आता हे दोघं भाऊ इथंच कायमचे तुटणार.

मामांनी शाल घेतली. चार घड्या घातल्या, त्यावरून हात फिरवून सुरकुती काढली आणि ती सरांच्या पायांवर नीट पांघरली.

"बापूसाहेब," ते म्हणाले, "माझं तर दुकानच कापडाचं हाय. मला काय कमी हाय? सरांना थंडी लई वाजायची. ऱ्हाऊ द्या त्यांच्यापाशी."

आवाज चढवला नाही, मान खाली घातली नाही. बापूसाहेबांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि मग मान हलवत म्हणाले, "खरं हाय. वाजायची. लहानपनापासून वाजायची त्याला." त्यांना रडू फुटलं आणि मामांनीच त्यांना धरून बाकावर बसवलं. येताना गुरुजी आमच्या मागून चालत होते.

पुढचे काही दिवस गुरुजी हॉटेलातही आले नाहीत. मामा सकाळी रफिकभाईच्या बाकड्याकडे बघून यायचे आणि सुतळीचा गुंडा उलगडून परत गुंडाळायचे. माझेही तिथले दिवस संपत आले होते. राजूरला गाळा मिळाला होता. मामांनी मला पहिलं सामान स्वतः निवडून बांधून दिलं. निघायचा दिवस आला. दुपारची गाडी होती. मामी जेवण घेऊन येऊन गेल्या होत्या, मी पिशवी भरत होतो आणि पायरीवर सावली पडली.

किसनगुरुजी. धुतलेला सदरा, हातात छत्री. एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर. मामा खुर्चीतून अर्धवट उठले आणि तसेच राहिले. आयुष्यभर सगळ्यांना बसा म्हणणाऱ्या माणसाला त्या वेळी शब्द फुटेना.

गुरुजीच आत आले. पंख्याखालच्या खुर्चीत बसले. छत्री मांडीवर आडवी ठेवली आणि वर्गात शिकवायच्या आवाजात म्हणाले, "लिंबा, माझं सांगून ठेवतो. ध्यानात ठेव. कापड पांढरं, सुती. त्यात नायलॉन नको. मेणबत्त्या बऱ्या प्रतीच्या, गळक्या नकोत. अगरबत्ती उग्र नको, मला शिंका येतात."

"मेल्यावर?" मामा म्हणाले.

"मला नाही येणार. बसलेल्यांना येतील." गुरुजी मुळीच हसले नाहीत. "आणि बांबू लांब घे. मी सरांपेक्षा उंच आहे. पाय बाहेर लोंबलेले मला चालायचे नाहीत."

"मंग माप घ्यावं लागंल," मामा म्हणाले. "निजावं लागंल, दादा."

"उभ्यानं होत नाही?"

"उभ्यानं मानूस आखडतो."

आता इथं मला सांगायलाच पाहिजे की त्या इतक्या दिवसांत मामांनी कुणाचंही माप घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. नातेवाईक म्हणाला 'जरा उंच होते', की मामा बांबू काढायचे आणि तो बरोबर असायचा. सख्ख्या भावाच्या उंचीला त्यांना सुतळी कशाला हवी होती? पण मी गप्प बसलो. गुरुजींनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि मामांनी अंथरलेल्या चटईवर, पंख्याखाली, उताणे झोपले. मामा गुडघ्यावर बसले. टाचेपासून सुतळी लावत डोक्यापर्यंत आले. मग म्हणाले, चुकलं वाटतं. परत टाचेपासून सुरू.

गुरुजींनी डोळे मिटलेले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "बाबांची कुणी बांधली होती रे?"

"मीच."

"तू? तू तर शाळेत होतास."

"वस्तीतले समदे ऊसतोडीला गेल्ते. म्हातारे सांगत व्हते, मी बांधीत व्हतो. बैलाला बांधायच्या गाठी मारल्या व्हत्या, दुसऱ्या कुठं येत व्हत्या? वाटभर मला भ्याव. आता सुटंल, आता सुटंल."

"सुटली नाही."

"न्हाई सुटली. पर म्हनलं, कुणावर बी असं भीत भीत न्यायची पाळी नको. तवाच ठरिवलं व्हतं."

"मला कधी बोलला नाहीस."

"तू रडून राह्यला व्हता, दादा. मंग तू नोकरीवर गेला. मंग राहूनच गेलं."

गुरुजींचा हात चटईवरून सरकत मामांच्या गुडघ्यावर आला आणि तिथंच राहिला. मामांनी तिसऱ्यांदा माप घ्यायला घेतलं. कंबरेपर्यंत आले आणि थांबले. गुरुजींचं तोंड किंचित उघडलं होतं, पोट संथ वरखाली होत होतं. दुपारची वेळ, पोटात जेवण, वर पंखा. म्हातारा माणूस गाढ झोपी गेला होता.

माझी गाडी फाट्यावर येऊन हॉर्न वाजवत होती. मी चष्मा खुर्चीवर ठेवला, पिशवी उचलली आणि मामांच्या पाठीला नुसता हात लावून पायरी उतरलो. मामांनी वर पाहिलंही नाही. त्यांचा गुडघा भावाच्या हाताखाली अडकला होता, त्यामुळे त्यांना हलता येत नव्हतं, आणि हलायचं नव्हतंही. मोकळ्या हातानं ते गुरुजींच्या तोंडावरच्या माश्या वारत होते.

मी पायरीखालीच होतो, तेवढ्यात रफिकभाई चहाचे ग्लास घेऊन आला. मयतीचं दुकान, चटईवर गुरुजी उताणे, बाजूला मामा बसलेले आणि मामांच्या डोळ्यांतून पाणी. त्याच्या हातातल्या ग्लासांतला चहा बोटांवर सांडला.

"या अल्ला! मामू, गुरुजी गये क्या?"

मामांनी घाईनं ओठावर बोट ठेवलं. फुलाफुलांच्या शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

"हळू बोल, उठंल. गेला न्हाई रे," ते म्हणाले. "दादा आलाय."